हुंगायचं, चाखायचं नाही

मंगळवारी सकाळी माझा नवरा दुकानात गेला. त्याने टोपलीतून चिमूटभर मावा, म्हणजे मिठाईचा खवा, घेतला, तळहातावर चोळला आणि नाकाशी धरला. वास आला नाही. त्याने रुमालाने हात पुसला, मावा घेतला, चोळला, नाकाशी धरला. वास आला नाही. मग त्याने ती चिमूट तोंडात टाकली.

हे त्याने मला त्याच दुपारी सांगितलं. ताप उतरून तेव्हा तीन आठवडे झाले होते. कोरोनात वास आम्हा दोघांचाही गेला होता. माझा नवव्या दिवशी परत आला, शेजारच्या घरातल्या कांद्याच्या फोडणीसोबत. त्याचाही येईल असं आम्ही धरून चाललो होतो. घरात नाही आला तरी मावा समोर आला की नाक जागं होईल, असं त्याला वाटत होतं. तीस वर्षं ज्या कामाला लावलं ते काम नाक विसरणार नाही, असा त्याचा हिशेब होता.

समोर मी त्याला 'अहो' म्हणत होते. इथे तो 'तो' आहे, कारण आदरार्थी बहुवचनात माणूस लांब जातो. आदरार्थी बहुवचन मी थोरल्या दिरांसाठी राखून ठेवलं आहे.

आमचं मिठाईचं दुकान बुधवाऱ्याच्या बाजारात आहे. मावा जलेबी आणि रवा-तुपाचा दराबा, एवढ्या दोनच गोष्टींवर चालणारं. माझ्या सासऱ्यांनी ते काढलं आणि दोन मुलांत काम वाटून दिलं. थोरल्याने गल्ल्यावर बसायचं, धाकट्याने मावा घ्यायचा. मावा गावांतून सकाळी यायचा, टोपल्यांत, ओल्या कापडाखाली. आणणारे लोक दुकानाच्या मागच्या खोलीत ओळीने टोपल्या मांडायचे आणि माझा नवरा एकेका टोपलीपाशी उकिडवा बसायचा. डोईफोडियाकडचा मावा जंगलातल्या लाकडावर आटवलेला, त्याला धूर लागलेला असायचा. धूलकोटचा गोडसर. काल संध्याकाळचा मावा आज सकाळच्या माव्यात मिसळून आणला तर तो मान वर न करता म्हणायचा, "यातला अर्धा घरी घेऊन जा." आणणारा हसून कबूल करायचा. बाजारात त्याला नावाने कुणी ओळखत नव्हतं. 'नाकवाले सेठ' म्हणायचे. लग्न करून मी या घरात आले तेव्हा मला ते नाव हास्यास्पद वाटलं होतं. नंतर मला त्याचा अभिमान वाटू लागला, आणि तो मी त्याला कधी सांगितला नाही.

सासऱ्यांचा एक नियम होता: मावा हुंगायचा, चाखायचा नाही. जलेबीचा पहिला घाणा रोज देवाला जायचा, त्यामुळे त्याआधी मावा उष्टा झालेला चालणार नव्हता. दुसरं कारण ते हसत सांगायचे, की चाखणारा माणूस मावा घेत नाही, मावाच त्याला घेतो. नियम भिंतीवर लिहिलेला नव्हता, पण दुकानात झाडू मारणाऱ्या बाईलाही तो ठाऊक होता.

त्या मंगळवारी नियम मोडला आणि मग रोज मोडत राहिला.

मी मुलींच्या शाळेत जीवशास्त्र शिकवते. शिकवते हिंदीत, विचार मराठीत करते. जिभेचं चित्र मी फळ्यावर किती वेळा काढलं असेल. जिभेला गोड कळतं, आंबट कळतं, खारट आणि कडू कळतं. धूर जिभेला कळत नाही. शिळेपणाची पहिली पायरी जिभेला कळत नाही. आंबटपणा येईपर्यंत ती वाट पाहते. त्यामुळे जे काम नाक एका चिमटीत करायचं त्याला जिभेला चार चिमट्या लागत होत्या. तो कण दाताखाली धरायचा, टाळूला लावून विरघळवायचा, शेवटी तूप कसं उरतं ते पाहायचा. खात्री होत नसे म्हणून पुन्हा घ्यायचा. रोज दहा-बारा टोपल्या, सणाच्या दिवसांत वीस. दर वेळी तो ओल्या फडक्याला हात पुसायचा. तो अंदाजाने चालत होता आणि अंदाज बहुतेक बरोबर निघत होता, कारण माणसं त्याला माहीत होती. कोण लबाडी करतो, कुणाची म्हैस आटली, कुणाच्या घरी पाहुणे आलेत म्हणून कालचा माल आलाय, हे तो चेहऱ्यांवरून वाचत होता. नाक गेल्यावर तो जास्त चांगला वाचक झाला होता.

"थुंकून टाका ना," मी म्हटलं. "चव कळली की थुंकायचं."

"कुठे थुंकू?"

"मोरीत."

"तो माणूस पहाटे चारला उठून दूध आटवतो, दोन तास मोटरसायकलवर टोपली धरून येतो. त्याच्यासमोर त्याचा मावा थुंकू? उद्या तो गावात काय सांगेल? सेठ माझ्या मालावर थुंकला. पुन्हा येईल तो?"

म्हणून तो गिळत राहिला. माझा नवरा लोकांचा मान ठेवण्यासाठी जाड झाला, हे वाक्य मी आता लिहिते आहे. तेव्हा मला ते सुचलं नाही. तेव्हा मीही त्याच्या पोटाकडेच पाहत होते.

"दादांना सांगून टाका," असंही मी म्हटलं होतं.

"सांगून?"

"म्हणजे डॉक्टरकडे जाता येईल, उपचार होतील."

"आणि मावा कोण घेईल?"

"ते पाहतील."

"तेच तर," तो म्हणाला. "ते पाहतील. मग मी काय पाहू?"

विषय तिथेच संपला. दुकानात त्याची एकच जागा होती, टोपल्यांपुढची. गल्ल्यावर तो कधी बसला नव्हता, कढईपुढे त्याला उभं राहता येत नव्हतं. ती जागा गेली की तो दुकानात फक्त मालकाचा भाऊ उरणार होता. त्याने मला शपथ घातली नाही. कुणाला सांगू नको, एवढंच म्हणाला, आणि ते त्याने एकदाच म्हटलं.

घरातलं जेवण मात्र वेगळ्याच तऱ्हेने बिघडलं. तो ताटावर बसायचा, संपवायचा, आणि हात धुऊन आल्यावर म्हणायचा, "जेवलो का मी?" सुरुवातीला मला ती थट्टा वाटली. ती थट्टा नव्हती. पोटात जडपणा यायचा, पण जेवण झाल्याची बातमी कुठूनच यायची नाही. वांग्याचं भरीत त्याला लापशीसारखं लागायचं, वरण गरम पाण्यासारखं. मग तो जे काही जाणवतं त्याच्या मागे लागला. कुरकुरीत जाणवतं, म्हणून शेव आणि पापड. तिखट जाणवतं, कारण तिखट ही चवही नाही आणि वासही नाही, ते नुसतं भाजणं आहे. म्हणून ठेचा, तळलेल्या मिरच्या. आणि गोड. संध्याकाळी दुकानातून आल्यावर तो शेवेचा डबा मांडीवर घेऊन बसायचा आणि टीव्ही बंद असताना त्याच्याकडे पाहत खायचा.

मी तो डबा कपाटावर ठेवला. तिथून त्याने काढला, तर मी तो माझ्या साड्यांच्या कपाटात ठेवून किल्ली शाळेत नेली. ही गोष्ट मी दिरांविरुद्ध आणि जावेविरुद्ध लिहायला बसले आहे, तेव्हा माझी किल्लीही यात यायला हवी. एकदा मी शाळेतून परतले तर तो स्वयंपाकघरात उभं राहून कोरड्या पोळीला मिरचीपूड लावून खात होता. मी म्हटलं, "लहान मूल आहात का तुम्ही?" तो म्हणाला, "नाही," आणि पोळी खाली ठेवली.

दोन वर्षांत त्याची मान दिसेनाशी झाली. स्कूटरवर मागे मला जागा उरेना. रक्तात साखर निघाली. त्याला मी डॉक्टरकडे नेलं, गावातल्याच, ज्यांच्याकडे आम्ही वर्षानुवर्षं जात होतो. वासाचं मी सांगितलं. त्यांनी वर न पाहता लिहिलं.

"वास येत नाही? मग तर सोपं झालं. निम्मा मोह तिथेच संपला. आता फक्त तोंडावर ताबा ठेवा."

"पण डॉक्टर, त्यांना जेवण झालेलं कळत नाही."

"मॅडम, कळत सगळ्यांना असतं." मग त्याच्याकडे वळून, आवाज वाढवून, जणू जाड माणसाला कमी ऐकू येतं, "काय सेठ? मिठाईवाले आणि मिठाई सोडत नाहीत, असं कसं चालेल?"

कागदावर त्यांनी 'डाएट कंट्रोल' लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या होत्या. त्या रेघांचा मला आजही राग येतो. एक मारली असती तरी चाललं असतं.

मुलगी इंदूरला नोकरी करते. तिचा फोन यायचा. "आई, पप्पांना वॉकला पाठव ना. दिनभर बैठे रहते हैं. थोडा तो कंट्रोल करायला पाहिजे ना यार." तिलाही मी खरं सांगितलं नव्हतं. कुणाला सांगू नको म्हटल्यावर मी मुलीलाही त्या 'कुणा'त धरलं होतं.

मग पाडवा आला. शाळेला सुट्टी होती म्हणून मी सकाळी दुकानात गेले, मागच्या खोलीत सणापुरत्या केलेल्या श्रीखंडाच्या डब्यांवर चिठ्ठ्या लावत बसले. तो नेहमीसारखा टोपल्यांपुढे होता. गर्दीचा दिवस, टोपल्या जास्त, त्यामुळे फडकं लांब कुठेतरी राहिलं. थोरली जाऊ पहिल्या घाण्याचं ताट न्यायला आली. तिने दारात उभं राहून पाहिलं: त्याने मावा तोंडात टाकला, बोट चोखलं आणि तोच हात पुढच्या टोपलीत घातला.

"अग माय," ती म्हणाली. "हे काय चाललंय?"

त्याने हात मांडीला पुसला.

"अहो, इकडे या जरा. तुमचा भाऊ देवाच्या आधी जेवायला बसलाय."

थोरले दीर गल्ल्यावरून उठून आले. "काय रे?"

"काही नाही दादा. जरा पाहत होतो."

"तोंडाने पाहतात का?"

कढईवरचा कारागीर हसला. टोपल्या आणणारे दोघे भिंतीला टेकून उभे होते, तेही हसले.

"मी म्हणतच होते," जाऊ म्हणाली. "घरी आले की चहासुद्धा बिनसाखरेचा मागतात, आणि पोट तर थांबत नाही. ते इथे चालू होतं तर. भाऊजी, वासाने अर्धं जेवण होतं म्हणतात. तुम्ही तर पंगतच उठवताय."

"चूक झाली, वहिनी."

"चूक एकदा होते. हे पोट काही एका चुकीचं नाही."

"बाबांनी काय सांगितलं होतं?" थोरले दीर म्हणाले. "हावरेपणालाही काही मर्यादा असते. तू देवाला उष्टं खाऊ घातलंस. गावाला उष्टं खाऊ घातलंस. किती दिवसांपासून?"

तो टोपलीकडे पाहत होता. तो सांगणार नव्हता, हे मला दिसत होतं. हावरा म्हणवून घेणं त्याला पत्करलं होतं. हावऱ्याला रागावतात, समज देतात आणि उद्या पुन्हा टोपल्यांपुढे बसू देतात. हे गणित त्याने त्या दोन मिनिटांत मांडलं होतं आणि ते बरोबर होतं. मला ते मांडता आलं नाही.

"त्यांना वास येत नाही," मी म्हटलं. "दोन वर्षं झाली. आजारपणापासून. म्हणून चाखतात."

त्याने माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर मला आज सोपं गेलं असतं. बसमधून सामान खाली पडलं की माणूस जसं वळून पाहतो तसं त्याने पाहिलं.

"वा," जाऊ म्हणाली. "हे बरं सुचलं, मॅडम."

"सुचलं नाही, खरं आहे. आणि देवाचं म्हणाल तर फूल हुंगलं की ते देवाला चालत नाही. मग इतकी वर्षं हुंगलेला मावा कसा चालला?"

"ते तुमच्या शाळेत शिकवा."

"अगं, पण वास येत नाही तर वजन कमी व्हायला पाहिजे," थोरले दीर म्हणाले. ते खरोखर विचार करत होते, आणि म्हणूनच ते मला जास्त लागलं. "अर्धं जेवण नाकाने असतं तर याचं तर अर्धंच व्हायला हवं होतं. हा दुप्पट कसा झाला?"

मग ते आत गेले आणि एक वाटी घेऊन आले, हाताने झाकून. "डोळे मीट," ते म्हणाले. "मीट, मीट. खरं-खोटं आत्ता होऊन जाईल."

त्याने डोळे मिटले. पन्नाशी ओलांडलेला माणूस, कारागिरांसमोर, मावा विकणाऱ्यांसमोर. वाटी त्याच्या नाकाखाली धरली गेली. त्याने मोठा श्वास घेतला. कळत नाही, एवढंच म्हणायचं होतं. पण आयुष्यभर नाकाखाली वाटी आली की त्याने उत्तर दिलं होतं. तो म्हणाला, "धूलकोटचा. कालचा आहे."

वाटीत हिंग होता.

कारागीर मोठ्याने हसला आणि मध्येच थांबला. भिंतीजवळच्या दोघांपैकी एकाने, जो वीस वर्षं त्याला मावा देत होता, टोपलीचं कापड नीट केलं आणि बाहेर गेला. थोरल्या दिरांनी वाटी खाली ठेवली. आता तरी ते काही बोलतील असं मला वाटलं. ते म्हणाले, "उद्यापासून मावा मी पाहतो."

ते टोपल्या आत घ्यायला वळले. त्या टोपल्यांतला मावा त्यांनी फेकला नाही. दिवस पाडव्याचा होता, गिऱ्हाईक बाहेर उभं होतं. जाऊ दोन मिनिटांपूर्वी ज्याला उष्टं म्हणत होती त्याच माव्याचा पहिला घाणा देवाला गेला. मी पाहिलं आहे, म्हणून लिहिते.

बाजाराला नवं नाव सुचायला आठवडाही लागला नाही. नाकवाले सेठचे नकटे सेठ झाले. आपल्याकडे नकटा म्हणजे नाक नसलेला आणि लाज नसलेलाही. पाठीमागे म्हणायचे, पण बुधवाऱ्याच्या गल्ल्या अरुंद आहेत आणि पाठ फार लांब नसते.

तो घरी बसू लागला. मला त्याने दोष दिला नाही. एकदाच, पालक निवडत असताना, म्हणाला, "तू सांगायला नको होतं." मी म्हटलं, "ते तुम्हाला हावरा म्हणत होते." तो म्हणाला, "म्हणू द्यायचं होतं."

मावा बंद झाला, आता वजन उतरेल, असं सगळ्यांनी ठरवलं. ते उतरलं नाही. थोडं वाढलंच. माणूस दिवसभर खुर्चीत बसतो, चालायला जायचं तर बुधवाऱ्यातूनच जावं लागतं आणि तिथे तो जात नाही, साखरेची औषधं चालू, आणि जेवण झाल्याची बातमी अजूनही येत नाही. जाऊ माझ्याकडे यायची तेव्हा तिची नजर आधी त्याच्या पोटावर जायची, मग माझ्या डब्यांवर. "अजून चालूच आहे वाटतं," ती म्हणायची. एकदा तिने घरून करून आणलेला दराबा त्याच्यापुढे ठेवला आणि तो खातो का ते पाहत बसली. त्याने खाल्ला, कारण तो वहिनीने आणला होता. तिला पाहिजे ते मिळालं.

त्या दिवसांत मी वाचायला लागले. शाळेच्या ग्रंथालयात काही नव्हतं, मग फोनवर शोधून वाचलं, वहीत उतरवलं. हे आधी वाचायला हवं होतं. जीवशास्त्र शिकवणारी मी होते. उपाशी असताना नाक तीक्ष्ण होतं आणि पोट भरत जातं तसं ते बोथट होतं. घासामागून घास जाताना त्याच पदार्थाचा वास नकोसा होत जातो आणि हात थांबतो. अन्नाचा वास आला की पोटात घास जायच्या आधीच लाळ सुटते, जठर तयार होतं, साखर सांभाळायची तयारी सुरू होते. म्हणजे नाक दारावरचा माणूस आहे; कोण येतंय ते आत आधी कळवतो. ज्यांचं वजन फार वाढलेलं असतं अशा लोकांत वास कमी ओळखता येणं जास्त दिसतं, पण आधी नाक मंदावतं की आधी चरबी वाढते, हे कुणी छातीवर हात ठेवून सांगत नाही. नाक गेलेली काही माणसं जेवणच सोडतात आणि वाळतात. काही खात राहतात, कारण थांबायची खूण हरवलेली असते.

आणि उंदीर. नाक निकामी केलेले उंदीर तेच चरबीचं खाणं खाऊन बारीक राहिले, असंही मी वाचलं. ते पान वाचून मी फोन उलटा ठेवला. हे एक वाक्य माझ्या जावेच्या हाती लागलं असतं तर तिने ते देवघरात लावलं असतं. माणसाबद्दल अजून तसं सांगता येत नाही, हे पुढचं वाक्य तिने वाचलं नसतं. डॉक्टरांनीही नसतं वाचलं. लोकांना एक म्हण पुरते. म्हणीत माणूस बसला नाही की ते म्हण बदलत नाहीत, माणसाला लबाड ठरवतात.

वही मी त्याला वाचून दाखवली. तो शांतपणे ऐकत होता. शेवटी म्हणाला, "म्हणजे मी हावरा नाही, असं लिहिलंय का कुठे?"

मी म्हटलं, "तसंच आहे ते."

"तसं लिहिलंय का?"

तसं लिहिलेलं नव्हतं. मी वही मिटली.

तो पुढच्या वर्षीच्या वैशाखात गेला, दुपारी, खुर्चीत. मी पंखा वाढवायला उठले आणि वळले तेव्हा तो गेलेला होता. डॉक्टरांनी हृदय म्हटलं. भेटायला आलेल्यांनी दुसरं म्हटलं, चपला घालताना, दाराबाहेर, मला ऐकू येईल इतक्याच अंतरावर: "खाण्यानेच गेला बिचारा."

दहाव्याला मी तापीवर गेले. बायकांनी येऊ नये असं थोरल्या दिरांनी सुचवलं होतं. मुलगी म्हणाली, "काका, आम्ही येणार," आणि आम्ही गेलो. आम्हाला मुलगा नाही, म्हणून विधी तेच करत होते. पिंड मांडले. कावळे समोरच्या झाडावर होते, चार-पाच. एकही खाली उतरेना.

"काही इच्छा राहिली असेल तर बोला," गुरुजी म्हणाले.

थोरल्या दिरांनी हात जोडले. "मुलीचं लग्न आम्ही पाहू." कावळा आला नाही. "तुझ्या बायकोला काही कमी पडू देणार नाही." आला नाही. ऊन चढत होतं, लोक उपरणी डोक्यावर घेऊ लागले. जावेने पिशवीतून द्रोण काढला आणि पिंडाशेजारी ठेवला. त्यात जलेबी होती.

"ती काढा," मी म्हटलं.

"का? त्यांचा जीव होता त्यात."

"ती कशी लागते, हे त्यांना तीन वर्षं कळलं नव्हतं."

"मॅडम, निदान आज तरी—"

"दादा," मी थोरल्या दिरांना म्हटलं. लग्नापासून मी त्यांच्याशी सरळ बोलले नव्हते, पाडव्याच्या दिवशीसुद्धा जावेकडे पाहूनच बोलले होते. "एक वाक्य म्हणा. तू हावरा नव्हतास. एवढंच."

ते नदीकडे पाहू लागले.

"म्हणून टाका ना," गुरुजी हळूच म्हणाले. "काय जातं?"

मुलीने माझा हात धरला होता. तिला सगळं तिथेच, जलेबीच्या त्या एका वाक्यातून कळलं. आम्ही थांबलो. सगळेच थांबले. त्यांचे ओठ एकदा हलल्यासारखे झाले. मग त्यांनी जावेकडे पाहिलं, आणि मग उभ्या असलेल्या बाजारातल्या लोकांकडे, ज्यांच्यासमोर त्यांनी ती वाटी धरली होती.

"गुरुजी," ते म्हणाले, "दर्भ काढा."

कावळा येत नसेल तर दर्भाचा करून शिववतात, तशी सोय शास्त्रात आहे. गुरुजींनी दर्भ वळला, गाठ मारली. थोरल्या दिरांनी तो गवताचा कावळा पिंडाला लावला आणि लोक आंघोळीला उतरले. पिंडाशेजारचा द्रोण मी उचलला, पायऱ्यांवरून वर आणला आणि तिथे बसलेल्या कुत्र्यापुढे ठेवला.

या गोष्टीला आता वर्ष होत आलं. दुकान चालू आहे. मावा बाहेरगावाहून बंद डब्यांत येतो, झाकणावर तारीख असते, तो कुणी हुंगत नाही. थोरले दीर समोरून आले तर मी रस्ता बदलत नाही, तेच बदलतात. मुलगी दर शनिवारी फोन करते. माझं नाक चांगलं आहे. कपाटात त्याच्या दहा पँटी आहेत, चार बत्तीस कमरेच्या आणि सहा चव्वेचाळीसच्या.